एकाच कबरीपाशी तीन उत्तरं, आणि तिन्ही ख्रिस्तीच

अंबाजोगाईहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: शाळेतल्या बाई वारल्या, बाई ख्रिस्ती. दफनविधीला पाळकसाहेब म्हणाले, "बाई प्रभूमध्ये निजल्या." बाईंचा मुलगा म्हणाला, "आई आता येशूजवळ आहे." आणि बाईंच्या कॅथलिक जाऊबाई म्हणाल्या, "तिच्या आत्म्यासाठी मिस्सा (चर्चमधली कॅथलिकांची मुख्य उपासना) लावायची आहे." आता निजल्या असतील तर येशूजवळ कशा, आणि येशूजवळ पोचल्याच असतील तर मिस्सा कशाला? शिवाय दहावा-तेरावा का नसतो आणि स्टेटसला "आत्म्यास चिरशांती लाभो" लिहिलं तर चालतं का, हेही विचारलंय. त्याखाली एकांनी उत्तर दिलंय की ख्रिश्चनांत मेलं की लगेच स्वर्ग नाहीतर नरक, विषय संपला. तो इतक्यात संपत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर जालन्याकडचं, सीएनआय मंडळीतलं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चमधलं. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात बेथेल वसवलं, तिथली आठवण सांगणारी म्हातारी माणसं लहानपणी आमच्या घरी यायची. सासर मात्र औरंगाबादचं, कॅथलिक. त्यामुळे मयतीच्या घरात दोन्हीकडचं बोलणं ऐकत आले आहे, आणि या विषयावरून नणंद-भावजयीचे वादही भरपूर झालेत आमचे.

आधी शेवट सांगते, कारण शेवटाबद्दल त्या तिघांत भांडण नाहीच. दर रविवारी चर्चमध्ये विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची ठरलेली वाक्यं म्हणतात, त्याच्या अखेरीस शरीराचं पुनरुत्थान (मेलेल्याचं पुन्हा उठणं) आणि सार्वकालिक जीवन यांवर विश्वास असल्याचं सगळे मोठ्याने म्हणतात. नुसता आत्मा नाही, शरीर. ख्रिस्ती श्रद्धेचा कणा हा आहे. शरीराच्या पिंजऱ्यातून आत्मा एकदाचा सुटला आणि वर गेला, ही मूळ ख्रिस्ती कल्पना नव्हे. ती ग्रीक विचारवंतांना जास्त जवळची होती. म्हणून तर येशूचा प्रेषित पौल अथेन्सला जाऊन मेलेल्यांच्या उठण्याबद्दल बोलला तेव्हा काहींनी त्याची टर उडवली, हे बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या १७व्या अध्यायात आहे. यहुद्यांतही एकमत नव्हतं. त्यांच्यातल्या दोन पंथांपैकी परूशी पुनरुत्थान मानायचे, सदूकी मानायचे नाहीत.

उठणारं शरीर म्हणजे हेच का, असं पौलाला करिंथच्या लोकांनीही विचारलं असावं, कारण त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात त्याने त्याचं उत्तर दिलंय. तू पेरतोस तो नुसता दाणा असतो, उगवतं ते वेगळंच, पण दाण्याचंच असतं. आपल्याकडे ज्याने ज्वारी पेरलीय त्याला यापुढे समजावून सांगावं लागत नाही.

आमच्याकडच्या जुन्या दफनभूमीत गेलात तर कबरींकडे नीट बघा. बऱ्याचशा पूर्व-पश्चिम असतात, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. ख्रिस्त परत येईल तो पूर्वेकडून, आणि उठून बसलेल्या माणसाचं तोंड त्याच्याकडे असावं, हा त्यामागचा भाव. पूर्वी उन्हाळ्यात मयत झाली की खड्डा खणणाऱ्यांची दमछाक व्हायची. वरची काळी माती भेगाळलेली आणि खाली मुरूम. पहारीने फोडत बसायचं, तिकडे पेटी अंगणात, बायका भजनं म्हणतायत. तेवढ्या घाईतही दिशा चुकली तर कुणी ना कुणी म्हातारा ओरडायचाच. विश्वासांगीकार पाठ नसलेल्या माणसालाही ती दिशा पाठ होती.

मग तिघांचं बिनसलं कुठे? मधल्या काळात. बाई आज गेल्या आणि पुनरुत्थान शेवटच्या दिवशी, तर मधल्या वेळात बाई कुठे आहेत? पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, याचं सलग, एका जागी उत्तर नाही. तुकडे आहेत, आणि कुणी कुठला तुकडा धरला त्यावर मंडळ्या वेगळ्या झाल्या.

मुलाने धरला तो तुकडा लूकच्या शुभवर्तमानातला. शेजारच्या क्रूसावरच्या गुन्हेगाराला येशू म्हणतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आज म्हणजे आजच. पौलही फिलिप्पैकरांना लिहितो की येथून निघून ख्रिस्ताजवळ जावं असं मला वाटतं. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या, आमची सीएनआयही, हेच शिकवतात: विश्वासणाऱ्याचा आत्मा लगेच प्रभूजवळ, शरीर मातीत, आणि शेवटच्या दिवशी दोन्ही एकत्र. याच लूकमध्ये श्रीमंत माणूस आणि दारातला लाजर यांची गोष्ट आहे. दोघे मरतात, एक अब्राहामाच्या उराशी, दुसरा यातनेत, आणि मध्ये मोठी दरी. कुणी ती मेल्यानंतरच्या जगाचा नकाशा म्हणून वाचतं. मला विचाराल तर ती दारात उपाशी बसलेल्याकडे न बघणाऱ्यांसाठी सांगितलेली गोष्ट आहे, नकाशासाठी नव्हे.

पाळकसाहेबांचं "निजल्या" हे बहुधा बोलण्याची रीत होती. येशूने स्वतः बेथानीच्या लाजराबद्दल (हा वरच्या गोष्टीतला लाजर नव्हे) असंच म्हटलं होतं, पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो तिथेही मेलेल्यांना झोपी गेलेले म्हणतो. पण काही मंडळ्या हे शब्दशः घेतात. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्टांच्या मते मेलेल्याला पुनरुत्थानापर्यंत कसलंच भान नसतं. उपदेशकाच्या ९व्या अध्यायात मृतांना काही कळत नाही असं म्हटलंय, ते त्यांचं मुख्य वचन. यहोवाचे साक्षीदारही जवळपास तेच सांगतात. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरनेही मृत्यूबद्दल झोपेच्या भाषेत पुष्कळ लिहिलं, तर त्याच चळवळीतल्या कॅल्व्हिनने १५३४मध्ये, वयाच्या पंचविशीत, आत्मा झोपतो या मताविरुद्ध पुस्तकच लिहिलं. म्हणजे हा वाद अंबाजोगाईच्या कबरीपाशी सुरू झालेला नाही. कॅथलिकांतही पोप बाविसावा जॉन याने प्रवचनांत सांगितलं की संतांच्या आत्म्यांनाही शेवटच्या न्यायाआधी देवाचं पूर्ण दर्शन होत नाही, त्यावरून गदारोळ झाला आणि १३३६मध्ये पुढच्या पोपने, बाराव्या बेनेडिक्टने, होतं असा निर्णय दिला.

आता जाऊबाई. यांचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं, कारण यांच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, आमच्या माहेरी तर फारच. कॅथलिक शिकवणीत देवाच्या कृपेत मेलेला पण अजून पुरता शुद्ध न झालेला आत्मा शुद्धिस्थानातून जातो. शुद्धिस्थान म्हणजे हलका नरक नव्हे आणि दुसरी संधीही नव्हे. तिथे गेलेल्याचं तारण, म्हणजे उद्धार, नक्की झालेलं असतं, फक्त देवापुढे उभं राहण्याआधीची स्वच्छता राहिलेली असते. जिवंत माणसांच्या प्रार्थनेची, मिस्सेची त्याला मदत होते. यासाठी ते मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२वा अध्याय दाखवतात. लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांच्या अंगरख्याखाली परक्या मूर्तींचे ताईत सापडतात, आणि त्यांचा सेनानी यहूदा मक्काबी त्यांच्या पापासाठी पैसे गोळा करून यरुशलेमला अर्पण पाठवतो. हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. आमच्या घरच्या वादाचं निम्मं मूळ इथेच आहे. नणंद म्हणते वाच ना, मी म्हणते माझ्या बायबलात नाही.

फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४३९मध्ये आणि ट्रेंटच्या परिषदेने १५६३मध्ये ही शिकवण अधिकृतपणे मांडली. मधल्या काळात शुद्धिस्थानातली शिक्षा कमी करून देण्याच्या नावाखाली क्षमापत्रांचा पैशाने व्यवहार झाला आणि १५१७मध्ये लूथरने त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. तेव्हापासून प्रॉटेस्टंट माणूस मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हटलं की बिचकतो. व्यवहार वाईट होता, यात वाद नाही. पण आईसाठी मिस्सा लावणाऱ्या बाईला त्या पैशाच्या व्यवहारात मोजणं अन्याय आहे. ती नातं तुटलेलं नाही एवढंच म्हणत असते.

दहावा-तेरावा का नाही, याचं उत्तर यातून निघतंच. पिंड ठेवतात तो गेलेल्याची पुढची वाट नीट व्हावी म्हणून. ख्रिस्ती श्रद्धेत ती वाट मुलांच्या हातात नाही. पुनर्जन्मही नाही, इब्री लोकांस पत्राच्या ९व्या अध्यायात माणसाला एकदाच मरणं आणि मग न्याय, असं स्पष्ट आहे. म्हणून बाईंच्या घरी कावळ्याची वाट बघणार नाहीत. पण नियम आणि घर यांत फरक असतो, बरं का. आमच्या लांबच्या एका चुलत घरात, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, आजी गेल्या त्या रात्री मोठ्या सुनेने जिथे जीव गेला तिथे ताटात पीठ पसरून शेजारी दिवा ठेवलेला मी बघितलाय. सकाळी पिठावर काही उमटलंय का ते बघायला चार बायका वाकल्या होत्या, आणि पाळकसाहेबांची गाडी वाजल्याबरोबर ताट स्वयंपाकघरात गेलं. कुणी कुणाला काही बोललं नाही. त्या पिठाच्या नंतर भाकरी केल्या का, हे मी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी स्मरणाची प्रार्थना आणि जेवण तर कित्येक सीएनआय घरांत होतं. कॅथलिकांत सातव्या आणि तिसाव्या दिवसाची, मग वर्षाची मिस्सा असते, शिवाय २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस. आकडे शेजाऱ्यांसारखे, अर्थ वेगळा.

पुरायचंच का, जाळलं तर शेवटच्या दिवशी काय उठणार, हेही नेहमी विचारतात. सन १७७मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांना हाल करून मारलं, प्रेतं जाळली आणि राख मुद्दाम ऱ्होन नदीत टाकली, हेतू हा की यांची उठायची आशाच मोडावी. मंडळीने त्यावर आशा सोडली नाही. प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायात समुद्रही आपल्यातले मेलेले परत देतो, मग नदीचं काय. रोमने १९६३मध्ये कॅथलिकांना दहनाची मोकळीक दिली. २०१६मध्ये एवढंच बजावलं की राख उधळू नये, घरात ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी. मराठवाड्यात मात्र अजून पुरण्याचीच रीत आहे.

नरकाबद्दल थोडंच लिहिते. मुख्य शिकवण कायमच्या वियोगाची आहे: देवाला शेवटपर्यंत नको म्हणणाऱ्याचं देवापासून तुटणं. अ‍ॅडव्हेंटिस्ट म्हणतात, अनंत यातना नाहीत, दुष्ट नाहीसे होतात. आणि शेवटी सगळेच वाचतील अशी आशा धरणारेही पहिल्या शतकांपासून होते, चौथ्या शतकातला बिशप निस्साचा ग्रेगरी त्यांतला मोठा माणूस. ख्रिस्ती नसलेल्यांचं काय, यावर व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६४मध्ये म्हटलंय की ज्याला स्वतःची चूक नसताना शुभवर्तमान कळलं नाही पण जो मनापासून देवाला शोधतो, त्याचंही तारण होऊ शकतं. अनेक प्रॉटेस्टंट पाळक हे मान्य करणार नाहीत. मयतीच्या घरी येऊन कोण कुठे गेला ते छातीठोक सांगणारे मला मात्र दोन्हीकडचे आवडत नाहीत. न्याय करणं त्यांच्याकडे दिलेलं नाही.

आता स्टेटसचं. बाईंचं घर सीएनआयचं दिसतं, म्हणजे "चिरशांती लाभो" वाचून कुणी भांडायला येणार नाही, पण एखाद्या कट्टर नातेवाइकाला ते मेलेल्यासाठी केलेली प्रार्थना वाटू शकतं. त्यापेक्षा "बाईंच्या घरच्यांना प्रभू सांत्वन देवो" लिहा. ते मुलालाही चालेल आणि कॅथलिक काकूंनाही. "स्वर्गवासी" किंवा "कैलासवासी" लिहू नका. आमच्याकडे "प्रभूवासी" नाहीतर नुसतं "दिवंगत" लिहितात. दहाव्या दिवसाच्या प्रार्थनेचं बोलावणं आलं तर जा. हार-फुलं न्यायला हरकत नाही, नारळ आणि अगरबत्ती नको. बाईंनी तुम्हाला काय शिकवलं ते दोन मिनिटं बोलायला सांगतील, अशी तिथे पद्धत असते, तेव्हा तयारी करून जा. आणि जेवायला थांबा म्हणतील, तर थांबा.