आज आलाय त्याला आजच बसवून घे

चि. पोरीला अनेक आशीर्वाद.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. ओपीडीबाहेरच्या तसल्याच एका टेबलावर मी बरीच वर्षं काढली. म्हणून हे पत्र.

आपल्यापर्यंत माणूस सरळ कधीच येत नाही. आधी घरचे बाहेरचं बघून येतात, अंगारा लावतात. मग मेडिसिनच्या ओपीडीत ईसीजी होतो, तो नॉर्मल निघतो आणि मग कुणीतरी केसपेपरवर आपल्या खोलीचा नंबर लिहून देतं. तो नंबर कसला हे कळलं की काही जण दारातूनच मागे फिरतात. जे बसतात ते म्हणतात, झोप लागत नाही, डोकं जड असतं, छातीत धडधडतं. दारूचा विषय चौथ्या-पाचव्या प्रश्नाला निघतो, आणि बाईमाणूस असेल तर त्या दिवशी निघतच नाही. तेव्हा घाई करू नकोस.

एक गोष्ट मी फार थोड्यांना सांगितली आहे. चाळिशीतला एक सेंटरिंग कामगार पहाटेच्या एसटीने एकटाच आला होता. बायकोने ओढून आणलं नव्हतं, स्वतःहून आला होता. सही करताना हात इतका थरथरत होता की त्याने पेन दोन्ही हातांनी धरलं. तोंडाला वास येत होता. मी म्हणाले, "घेऊन आलात तुम्ही. दोन दिवस अजिबात न घेता या, मग डॉक्टर बघतील." तिथे तसंच सांगायची पद्धत होती आणि मलाही ती शिस्त वाटायची. त्याने माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी रात्री घरी फिट आली. आमच्याकडे आणलं तेव्हा जीभ चावलेली होती आणि तो अंगावरचे नसलेले किडे झटकत होता. वाचला तो. पण त्याची बायको मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून त्यांनी थेंबही घेतला नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, ताप, भ्रम. वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. म्हणून दारू सोडवणं हे सुरुवातीला डॉक्टरांचं काम आहे, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आणि ठरावीक गोळ्या देऊन, लक्ष ठेवून करायचं. वास येतो म्हणून कुणाला परत पाठवू नकोस. शेवटची कधी घेतली, रोज किती घेता, आधी बंद केली तेव्हा फिट आली होती का, हे विचार आणि आत डॉक्टरांना जाऊन सांग. रांग मोडायला लागली तरी मोड.

कुणी म्हणेल, बेवड्यांसाठी नाही ही ओपीडी. त्यांना २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दाखव. मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था घेतल्या आहेत, आणि सरकारी यंत्रणेतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. सज्ञान माणूस स्वतःहून दाखल होऊ शकतो, घरच्यांची सही लागत नाही. हे किती जणांना माहीतच नसतं! 'सोबत कुणी नाही, उद्या या' असं आपणच सांगून मोकळे होतो.

बायका तुझ्याकडे हळूच येऊन विचारतील, "जेवणात घालायचं औषध द्या ना." ते डायसल्फिराम. त्याच्यावर दारू पोटात गेली तर उलट्या, धडधड, रक्तदाब खाली, जिवावरही बेतू शकतं. ज्याला द्यायचं त्याला माहीत हवं आणि त्याची तयारी हवी. नाही म्हण, पण तिला रिकाम्या हाताने पाठवू नकोस. मार खाते का, मुलं शाळेत जातात का, ते विचार. अल-अनॉन नावाच्या गटाच्या सभा पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात. जवळ कुठे भरते ते शोधून ठेव. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, तिथे बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. नवरा यायला तयार नसला तरी बाईला मदत घेता येते, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, दोन्ही नंबर मोफत आहेत. मराठीत मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर लाव. पण नंबर दिला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. उदासीच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन-चार आठवडे जातात, आणि माणसं आठव्या दिवशी सोडून देतात. म्हणून आठव्या दिवशी तूच फोन कर. पुन्हा प्यायला असेल तरी ये म्हणावं, आणि ते खरं मनापासून म्हण, त्याला आवाजावरून कळतं.

सोमवारी गर्दी उसळते. पाण्याचा जग टेबलावर राहू दे. हात थरथरणाऱ्याला पेला अर्धाच भरून देत जा.

तुझी,
ताई