राज्याला परदेशाशी थेट बोलता येतं का?

प्रश्न: आपले मुख्यमंत्री दावोसला जाऊन करार करतात, आणि आता कळलं की कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचं मुंबईत स्वतःचं ऑफिस आहे. परराष्ट्र खातं तर केंद्राकडे असतं ना, मग हे चालतं कसं? – एक वाचक, सातारा

उत्तर: हो, ऑफिस आहे, आणि पॅरिसमधलं तर १९६१ पासूनचं. पण दावोस आधी बाजूला ठेवा, तिथले बहुतेक एमओयू कंपन्यांबरोबर असतात, ती डिप्लोमसी नव्हे.

क्यूबेकचं बळ आहे १९३७ च्या एका निकालात. कॅनडाची शेवटची अपिलं तेव्हा लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे जायची. केंद्र सरकारने कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, किमान वेतन यांवरचे आंतरराष्ट्रीय करार मान्य करून कायदेही केले, तर कौन्सिल म्हणालं सही तुम्ही खुशाल करा, पण विषय प्रांताचा असेल तर कायदा प्रांतच करणार. मग १९६५ च्या एप्रिलमध्ये क्यूबेकचे शिक्षणमंत्री पॉल जेरँ-लाजवा यांनी माँट्रियलमध्ये परदेशी वकिलातींच्या लोकांसमोर सरळच मांडलं, की शिक्षण घरात आमच्याकडे आहे तर त्याबद्दल बाहेर बोलणारही आम्हीच, आणि फ्रान्सबरोबर शिक्षणाचा करार तर फेब्रुवारीतच झालेला होता! ओटावाला, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारला, हे पचलं नाही. १९६८ मध्ये आफ्रिकेतल्या गॅबॉन या देशाने शिक्षण परिषदेचं आमंत्रण थेट क्यूबेकला पाठवलं तर कॅनडाने गॅबॉनशी संबंधच स्थगित केले. आज मात्र युनेस्कोत कॅनडाच्या शिष्टमंडळात क्यूबेकचा प्रतिनिधी बसतो, २००६ च्या समझोत्यामुळे.

आपल्याकडे उलट आहे. कलम २५३ प्रमाणे परदेशाशी झालेला करार अमलात आणायला संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते, त्यामुळे राज्याच्या हातात कायद्याने फार काही उरत नाही. तरी जागा आहे हो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जपानच्या वाकायामा प्रांताशी करार केला, आणि तिथल्या कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला, उद्घाटनाला आपले मुख्यमंत्री होते. कोयासान हे बौद्धांचं मोठं तीर्थक्षेत्र आहे आणि आपल्याकडे अजिंठा-वेरूळ आहे, या धाग्यावर विद्यार्थी, अभ्यासक, पर्यटक असं कितीतरी करता येईल, मला तर गुंतवणुकीच्या आकड्यांपेक्षा हेच काम जास्त मोलाचं वाटतं आणि त्याच्यावर लक्ष कमी आहे याचं वाईट वाटतं.

आणि राज्याचा नकार कायद्यात नसला तरी राजकारणात चालतो. २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला निघाले तेव्हा ममता बॅनर्जींनी ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि बांगलादेशाबरोबरचा तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार राहिला तो राहिलाच.