अंडं सगळीकडून सारखं, मग डोकं-शेपूट कुठे हे प्रथिनं कशी ठरवतात?

तुम्ही विचारलंय की फलित अंड्यात आधी काहीच पुढचं-मागचं नसतं, तर प्रथिनांना आपापली बाजू कोण सांगतं. मी काही वर्षं सी. एलिगन्स या इवल्याशा सूत्रकृमीच्या भ्रूणांवर काम केलंय, म्हणून त्याचंच सांगतो. या विषयातलं बरंचसं ज्ञान त्याच्याकडूनच आलंय.

कोणतंही एक प्रथिन मुकादमासारखं हुकूम सोडत नाही. प्रथिनांचे दोन गट असतात आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. सुरुवातीला पार-3, पार-6 आणि पीकेसी-3 हा पहिला गट पेशीच्या कडेला सगळीकडे पसरलेला असतो. पार-1 आणि पार-2 या दुसऱ्या गटाला कडेवर थाराच मिळत नाही, ती आत पेशीरसात फिरत राहतात.

हा तोल शुक्राणूमुळे बिघडतो. तो आपल्यासोबत सेंट्रोसोमची, म्हणजे पेशीतले सूक्ष्म धागे जिथून निघतात त्या केंद्राची, सामग्री घेऊन येतो (अंडपेशीकडे ती नसते). पेशीच्या कडेखाली अॅक्टिन आणि मायोसिन या आकसू शकणाऱ्या प्रथिनांचं ताणलेलं जाळं असतं. सेंट्रोसोम जिथे कडेजवळ येतो, तिथे हे जाळं ढिलं पडतं. मग उरलेलं जाळं आकसत दुसऱ्या टोकाकडे सरकतं आणि पहिल्या गटातली प्रथिनंही त्या ओघात वाहून जातात. रिकाम्या झालेल्या जागेवर पार-2 आणि पार-1 येऊन बसतात. ती बाजू शेपटीची. शुक्राणू एरवीपेक्षा वेगळ्या बाजूने शिरला, तर शेपूट त्या बाजूला होते, हे 1996 साली दाखवलं गेलं.

सूक्ष्मदर्शकाखाली मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुसरं काही सुचेना. जेमतेम 50 मायक्रॉन लांबीचं अंडं, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये एकापुढे एक वीस मावतील एवढं. त्याची कड आधी सगळीकडे चुरगळल्यासारखी हलत होती. मग एका टोकाला ती हळूहळू गुळगुळीत झाली, आणि चुरगळ डोक्याच्या अर्ध्या भागापुरतीच उरली. बाहेरून कुणी बोटही लावलं नव्हतं!

पण ओघ थांबल्यावर प्रथिनं पुन्हा मिसळत का नाहीत? मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हा भाग. मधे कसलीही भिंत नसते, दोन्हीकडचे रेणू सीमेवरून मोकळेपणाने ये-जा करतात. मात्र पीकेसी-3 हे किनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवणारं. पार-2 डोक्याच्या बाजूला आलं की ते त्याच्यावर फॉस्फेट चिकटवतं आणि पार-2 कडेवरून सुटून पेशीरसात पडतं. पलीकडे पार-1 हेच पार-3 च्या बाबतीत करतं. दोन शेतांमधला बांध रोज दोन्हीकडून राखावा तशी ही सीमा सतत राखली जाते.

पुढे याच सीमेच्या आधाराने पेशी विभागताना तर्कू (गुणसूत्रं दोन्हीकडे वाटणारी धाग्यांची रचना) मागच्या बाजूला ओढला जातो, म्हणून पुढची एबी पेशी मोठी आणि मागची पी-1 लहान होते. ज्यांतून पुढे अंडी आणि शुक्राणू बनतात त्या पेशींचे खास कण पी-1 मध्येच जातात. केनेथ केम्फ्यूस आणि सहकाऱ्यांनी 1988 साली पार जनुकं शोधली ती नेमकी इथे गडबड झालेले भ्रूण वेचूनच. त्यांतल्या कित्येकांच्या पहिल्या दोन पेशी सारख्याच आकाराच्या होत्या, एकाच वेळी विभागत होत्या, आणि भ्रूण पुढे मरत होते.

सगळ्या प्राण्यांत सुरुवात शुक्राणूच करतो असं मात्र समजू नका. फळमाशीत आई अंडं घडवतानाच एका टोकाला डोक्याची बाजू ठरवणाऱ्या बायकॉइड प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते बनवण्याचा संदेश, ठेवून देते. उंदरात आठ पेशी होईपर्यंत काही ठळक दिसत नाही. मग पार-6 आणि पीकेसी-3 चा तिथला भाऊबंद प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या, मोकळ्या बाजूला गोळा होतात. हीच मंडळी तुमच्या-माझ्या आतड्याच्या अस्तरातही असतात. तिथल्या प्रत्येक पेशीला पोकळीकडची बाजू कोणती, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो.