आधी कमाई बघ

प्रिय पोरी,

फुटबॉल क्लबच्या फाउंडेशनमधली, म्हणजे त्याच्या समाजसेवेच्या संस्थेतली, नोकरी समोर आहे आणि तू विचारतेस, हे काम खरं की देखावा. दोन ओळींत उत्तर मागितलंयस. तेवढ्यात भागणार नाही. क्लब दान किती करतो हे मागाहून बघ. आधी तो कमावतो कसा ते बघ.

स्पेनमधल्या बार्सिलोना क्लबचं उदाहरण तूच दिलंस. 2006 साली त्यांनी जर्सीवर युनिसेफचं नाव घेतलं आणि वर वर्षाला 15 लाख युरो स्वतःच्या खिशातून दिले. मलाही तेव्हा भरून आलं होतं. पण 2011 मध्ये छातीवर पैसे मोजणारं कतार फाउंडेशन आलं आणि युनिसेफ पाठीवर गेलं. पहिलं साल लिहिलंस, दुसरं गाळलंस. वार्षिक अहवाल लिहिणारे नेमकं हेच करतात, म्हणून चिडलो.

रचना नीट समजून घे. इंग्लंडमध्ये 1986 च्या सुमारास खेळाडूंच्या संघटनेच्या पुढाकाराने वायव्येकडच्या काही क्लबांत वस्तीतल्या लोकांसाठी काम सुरू झालं. आज बहुतेक क्लबांचं हे काम वेगळी नोंदणीकृत धर्मादाय संस्था करते. क्लबचं बोधचिन्ह तिच्याकडे असतं, पण पैसा बराचसा बाहेरून, अनुदानांतून उभा करावा लागतो. हिशेब वेगळा, संचालक वेगळे. इकडे पुण्य जमा होतं, तिकडे क्लब चालवणाऱ्या कंपनीचा कारभार चालू राहतो. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, लिव्हरपूल क्लबने बिगर-खेळाडू कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी सरकारी योजनेचा आधार घ्यायचं ठरवलं. लोक खवळले तेव्हा दोन दिवसांत माफी मागून माघार घेतली. हा निर्णय कुठल्याही फाउंडेशनच्या टेबलावर झालेला नव्हता. कमाई बघ म्हणतो ते यासाठी.

मी ज्याच्या फाउंडेशनमध्ये काम केलं त्या क्लबच्या जर्सीवर, छातीवर, बेटिंग कंपनीचं नाव होतं. मुलांच्या मापाच्या जर्सीवर ते नाव छापत नाहीत, तिथे छाती कोरी असते. शिबिरातल्या एका पोराने मला विचारलं, "माझी खोटी आहे का? बाबांच्या जर्सीवर नाव आहे." मी काहीतरी बोलून त्याला बॉलकडे पिटाळलं. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या फुटबॉल स्पर्धेतल्या, क्लबांनी 2023 मध्ये ठरवलं की 2025-26 च्या हंगामानंतर छातीवर बेटिंग नको. बाहीवर मात्र चालेल! ही यांची नैतिकता, हातभर लांब.

मग तुम्ही का टिकलात, असं तू विचारशीलच, घरचेही विचारतात. स्कॉटलंडमधल्या 13 क्लबांत 35 ते 65 वयाच्या जाड पुरुषांसाठी वजन उतरवण्याचा 12 आठवड्यांचा वर्ग घेऊन त्याची रीतसर चाचणी झाली. निकाल 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: वर्षभरानंतर त्यांचं वजन वर्गाची वाट बघत थांबलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे 5 किलोंनी जास्त उतरलं होतं. डॉक्टरचं तोंड न बघणारे बाप्ये आपल्या क्लबच्या मैदानावर पोट मोजून घ्यायला येतात. हे दुसऱ्या कुणाला इतक्या सहज जमलं असतं का? नसतं. म्हणून टिकलो. पगारही हवा होता, तेही खरं. पण बैठकीत छातीवरच्या नावाचा विषय मी दर हंगामात काढला. साहेब कंटाळले, मी नाही कंटाळलो. तुला हा हट्ट वाटेल. वाटू दे.

तेव्हा मुलाखतीत सौजन्य पुरे. स्टेडियम झाडणाऱ्यांना पगार कोण देतो, क्लब की कंत्राटदार, आणि किती? पुढच्या हंगामाचा मुख्य स्पॉन्सर कोण? फाउंडेशनच्या मंडळावर क्लबचे किती लोक आहेत, आणि ते कंपनीच्या बैठकीत तोंड उघडतात का? उत्तर देताना समोरचा अहवालातले फोटो दाखवायला लागला तर हिशेबाचं पान मागून घे. नोकरी घ्यायचीच असेल तर घे, मी अडवणार नाही. फक्त करार किती महिन्यांचा आहे ते लेखी घे; अनुदान संपलं की या संस्थांमधली माणसं सगळ्यात आधी घरी जातात. उत्तरं मिळाली की लगेच कळव, पुढच्या आठवड्यापर्यंत लांबवू नकोस.

तुझा,
काका