मदेराला पहिल्यांदा जातोयस ना, मग हे वाच

अरे सगळ्यात आधी आपल्या गोव्यातल्या कोळव्याची वाळू डोक्यातून काढ. मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगालचं, ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे, किनारे काळे आणि बहुतेक ठिकाणी नुसते गोटे, पुळणच हवी असेल तर बोटीने शेजारच्या पोर्तु सांतु बेटावर जा, तिथे साधारण 9 किलोमीटरची पिवळी वाळू आहे.

फुंशालला, म्हणजे तिथल्या राजधानीला, दोन दिवस बास. बाजार बघ, केबलकारने वरच्या मोंत गावाला चढ, जुन्या गल्ल्यांत फिरताना पणजीतलं आपलं फोंतेन्याश आठवेलच.

पण खरं बेट डोंगरात आहे. तिथल्या लेवादा म्हणजे आपल्या कुळागरातले (सुपारीच्या बागेतले) पाटच समज, ओल्या उत्तरेचं पाणी कोरड्या दक्षिणेला न्यायला डोंगराच्या कडेने काढलेले आणि शेजारून एक अरुंद वाट. मी चाललो तेव्हा डाव्या हाताला पाणी इतकं संथ की एक पान बराच वेळ माझ्याच चालीने सोबत येत होतं, आणि उजवीकडे सरळ दरी! शेवाळ असतं, चांगल्या ग्रिपचे बूट घे, बोगद्यांसाठी टॉर्च घेच, मोबाईलच्या उजेडावर राहू नको.

पिकु दु आरियेरु हे शिखर 1818 मीटर आहे, गाडी वरपर्यंत जाते, पहाटे गेलास तर ढग पायाखाली दिसतात पण जॅकेट हवंच, खाली कितीही ऊन असू दे.

शेवटचा दिवस किनाऱ्यावरच्या पोर्तु मोनीश गावाला ठेव. लाव्हाच्या काळ्या खडकांत समुद्राचं पाणी साठून कुंडं झालीयत, लाट कडेवर फुटली की फेस थेट अंगावर येतो. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसाचं आत्ताच बघ.