डिसेंबरात हंपीच्या डोंगरांत भटकताना अस्वल समोर आलं तर काय करायचं?

तुम्ही चौघे सोलापूरहून विजापूरमार्गे हंपीला निघालाय आणि विचारताय, अस्वल दिसलं तर मेल्याचं सोंग घ्यायचं की झाडावर चढायचं? शाळेतल्या गोष्टीतले हे दोन्ही उपाय बाजूला ठेवा. आपल्याकडचं अस्वल मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढतं. आणि ते लांब असताना आडवं पडलात, तर निघून जायची वेळ फुकट गेली.

मुख्य प्रश्न अंतराचा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडगासुद्धा लांबून दिसतो. हंपी आणि त्याजवळच्या दरोजी अस्वल अभयारण्याकडे मोठमोठ्या धोंड्यांच्या राशी, मधे काटेरी झुडपं, दहा पावलांपुढचं दिसत नाही. अस्वलाचं नाक तिखट, पण नजर आणि कान बेताचे. वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढायला लागलं की त्याच्याच फुसफुसण्यात तुमची चाहूल बुडते. तुम्ही पाच-सात मीटरवर पोचता, ते दचकतं आणि सरळ अंगावर येतं. म्हणून सगळी मेहनत त्याला न दचकवण्यावर घ्या.

चौघांनी दोन-तीन मीटरच्या अंतरात राहावं, कानात इअरफोन नकोत. नेहमीच्या आवाजात बोलत चला, वळणावर आणि झुडपाआधी काठी दगडावर आपटा. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर तुमचा वास पुढे जात नाही, तेव्हा आवाज वाढवा. उजाडून तासभर झाल्यावर निघा, मावळायच्या तासभर आधी परत या. सूर्योदयाच्या फोटोसाठी अंधारात अनोळखी वाटेनं चढण्याचा हट्ट मला अजिबात पटत नाही.

तुमचा महिना डिसेंबर, म्हणून एक गोष्ट जास्त सांभाळा. पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होतात आणि मादी अशाच धोंड्यांच्या कपारीत असते. गुहेत डोकावू नका, टॉर्च मारू नका, सावली मिळाली म्हणून कपारीच्या तोंडाशी डबा उघडू नका. ताजं उकरलेलं वारूळ, झाडाच्या सालीवर लांब ओरखडे, बोराच्या बिया किंवा मुंग्यांची टरफलं असलेली विष्ठा दिसली की मागे फिरा. सकाळी मेंढपाळांना विचारून घ्या; तुमच्यापैकी कुणाला कानडी येत असेलच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि मुक्कामाला तंबूत ठेवू नका.

दिसलंच, आणि त्यानं तुम्हाला पाहिलं नसेल, तर आलात तसे हळू मागे जा. पाहिलं असेल तर थांबा, चौघे एकमेकांना चिकटून उभे राहा, मग तोंड त्याच्याकडेच ठेवून तिरकं मागे सरका. ते दोन पायांवर उभं राहिलं की लोक घाबरून पळतात; बहुतेकदा ते फक्त बघत आणि वास घेत असतं. पळू नका, माणसापेक्षा ते जोरात धावतं. पिल्लू आणि आई यांच्या मधे येऊ नका. पाठीवर पिल्लू असेल तर अंतर दुप्पट ठेवा. दगड मारणं, फटाके लावणं नको. पर्समधल्या मिरचीच्या स्प्रेवर भिस्त नको. तो जेमतेम दोन-तीन मीटर जातो आणि वारा उलटा असेल तर तुमच्याच डोळ्यांत.

अंगाला भिडलं, की मगच आडवं पडायचं. पालथे पडा, हनुवटी छातीशी, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफा, कोपरं कानांलगत. पाठीवरची सॅक काढू नका, तीच ढाल. अस्वल चेहरा आणि डोकं धरतं, म्हणून उताणे होऊ नका. त्यानं उलथवलं तर लोळून पुन्हा पालथे व्हा. ते गेल्यावरही लगेच उठू नका. बाकी तिघांनी एकत्र राहून ओरडावं, काठ्या आपटाव्यात. एकट्यानं झेप घेऊ नये.

नंतर जखमेवर स्वच्छ सुती कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. लोंबणारी कातडी तोडू नका, जागेवर बसवून पट्टी बांधा. तोंडातून रक्त येत असेल तर माणसाला पुढे वाकवून बसवा, उताणा झोपवू नका. हळद, चुना काही नको. 108 ला फोन करा. रक्त आटोक्यात असेल तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. दवाखान्यात टाक्यांआधीच रेबीजची लस, जखमेत द्यायचं सीरम आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा; ओरखडा लहान दिसला तरीही.