पूर्व आणि पश्चिम यांच्या संस्कृतींमधला फरक चित्रांमधून कळतो का? एखादं उदाहरण सांगाल का?

कळतो. फक्त चित्रात काय काढलंय याच्याआधी, ते चित्र बघणाऱ्याला कुठे उभं करतं हे बघा.

यांग लिऊ या ग्राफिक डिझायनरची लाल-निळी चित्रं तुम्ही फॉरवर्डमध्ये पाहिली असतील. निळ्यात जर्मन माणसाचं मत म्हणजे सरळ रेघ, लाल रंगात चिनी माणसाचं मत म्हणजे वेड्यावाकड्या वळणांची रेघ. बाई जन्मल्या बीजिंगमध्ये आणि किशोरवयात जर्मनीला गेल्या, त्यामुळे निरीक्षण खणखणीत आहे. पण ती चित्रं फरक 'सांगतात'. मला त्यापेक्षा जुसेप्पे कास्तिल्योनेचं उदाहरण जास्त आवडतं, कारण तिथे दोन पद्धती एकाच कापडावर भांडताना दिसतात.

हा इटलीतल्या मिलानचा, जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारक पंथातला चित्रकार १७१५ मध्ये चीनला पोचला आणि १७६६ मध्ये मरेपर्यंत बीजिंगच्या दरबारात राहिला. तीन बादशहांची चाकरी केली. तो शिकून आला होता ती युरोपची यथार्थदर्शनाची रीत, म्हणजे बघणारा एका जागी खिळलेला, सगळ्या रेषा लांब एका बिंदूकडे धावणाऱ्या, प्रकाश एका बाजूने. चिनी गुंडाळीचित्राला असा खिळलेला माणूस चालतच नाही. ते उजवीकडून डावीकडे हातभर उलगडायचं, पाहून झालेला भाग गुंडाळायचा, पुढे सरकायचं. डोळा चालत राहतो, मग बिंदू एकच कसा असेल?

१७२८ चं त्याचं 'शंभर घोडे' बघा (मूळ चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे). रेशमावर काढलेलं, जवळपास पावणेआठ मीटर लांब. घोड्यांच्या अंगाला युरोपीय गोलाई, लांबचे घोडे लहान होत गेलेले, पण मांडणी चिनी, उलगडत बघायची. व्यक्तिचित्रांत तर त्याला आणखी नमतं घ्यावं लागलं. अर्ध्या चेहऱ्यावरची गडद सावली चिनी नजरेला डागासारखी दिसे, म्हणून त्याने प्रकाश समोरून घेतला आणि चेहरे जवळजवळ बिनसावलीचे केले. बादशहाच्या तोंडावर डाग कोण काढणार!

दुसरा फरक मला याहून मजेशीर वाटतो. युरोपात चित्रावर सही चित्रकाराची. विकत घेणाऱ्याने त्यावर चार ओळी खरडल्या तर बोंब होईल. चीनमध्ये मालकाने शिक्का मारणं, कविता लिहिणं ही रसिकता. चित्र पिढ्यान्‌पिढ्या भरत जातं. छ्यानलोंग बादशहाला तर याचा नादच होता. ह्वांग गोंगवांगच्या फुचुन डोंगरांच्या चौदाव्या शतकातल्या प्रसिद्ध चित्राची एक नक्कल त्याच्याकडे आली. ती त्याने अस्सल मानली आणि तिच्यावर पन्नासहून जास्त वेळा मजकूर लिहिला. नंतर खरं चित्र दरबारात आलं, ते त्याने नक्कल ठरवलं. त्यामुळे ते बिचारं बादशाही हस्ताक्षरातून बचावलं.

एक सावधगिरी: हे सगळं चीनबद्दल झालं. जपान, इराण, आपली लघुचित्रं यांचे हिशेब वेगळे आहेत. मुघल चित्रकारांनी युरोपीय छापचित्रं पाहून त्यातलं हवं तेवढंच उचललं. त्यामुळे 'पूर्व' असा एकच गठ्ठा बांधायला मी तरी धजणार नाही. 'शंभर घोडे' बघायचंच असेल तर मोबाइलवर अख्खं एकदम बघू नका. झूम करून उजव्या टोकापासून सरकवत या.